डोकं चालेनासं होतं तेव्हा

(प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी पावसामुळे बऱ्याच गावांतल्या जणींना येता आलं नाही, म्हणून इथे छापत आहोत.)



दरवेळी मी तुमच्यासमोर उभी राहते ती हप्ते, ग्रेडिंग, नाहीतर बँकेची फाईल घेऊन. आज हातात एकही फॉर्म नाही. आज मला टेन्शनबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, टेन्शनचं तू आम्हाला काय सांगणार, तुझं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही! बरोबर आहे. टेन्शन कसं असतं हे तुम्हीच मला शिकवलंय. पण टेन्शन आलं की डोक्याच्या आत काय घडतं, यावर काही माणसांनी आयुष्यभर काम केलंय, आणि ते मला एका चुकीमुळे वाचावं लागलं. आधी ती चूक सांगते.

आपल्याच एका गटातली सचिव ताई. नाव सांगत नाही, गावही नाही. सहा वर्षं रजिस्टर तिच्याकडे. अक्षर असं, की नवीन गटांना नमुना म्हणून मी तिची वही दाखवायचे. मागच्या वर्षी एका महिन्यात हिशोबात १,८५० रुपये कमी आले. पेटीत नाहीत, पासबुकात नाहीत, वहीत तर नोंदच नाही. सभेत कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, एवढं साधं लक्षात राहत नाही का तुमच्या?" ती म्हणाली, "मॅडम, खरंच आठवत नाही हो. डोक्यात नुसता भुंगा चालू असतो." मला तेव्हा ते कारण वाटलं. म्हणजे निमित्त वाटलं.

पंधरा दिवसांनी गटातली दुसरी एक जण माहेराहून परत आली आणि तिनेच सांगितलं, "ते पैसे तर मी नेले. पोराला दवाखान्यात न्यायचं होतं, रात्री हिच्या दारात गेले, हिनं पेटी उघडून दिले." सचिव ताईला दिल्याचंच आठवत नव्हतं. ते दिवस कसले होते? तिचा नवरा अपघात होऊन चार आठवडे दवाखान्यात होता. गटाचा हप्ता, बँकेचा हप्ता, वर एका खाजगी कंपनीचा आठवड्याचा हप्ता. सोयाबीन काढायला माणूस नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी ते बोलले.

नंतर मी तिची माफी मागितली. तिने "असू द्या" म्हटलं. पण वही परत घेतली नाही.

मग मी वाचायला लागले. समाजकार्याच्या कॉलेजात आम्हाला 'ताणतणाव व्यवस्थापन' असा एक धडा होता. त्यात दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, एवढंच लक्षात राहिलेलं. यावेळी मी ब्रूस मॅक्यूअन या शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात रॉकफेलर विद्यापीठ आहे, तिथे हे गृहस्थ १९६६ पासून काम करत होते. २०२० च्या जानेवारीत ते वारले. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्यांनी मुख्यतः एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: ताणाच्या वेळी शरीरात जो रस सुटतो, तो मेंदूचं काय करतो.

तो रस म्हणजे कॉर्टिसॉल. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांतून तो रक्तात येतो. समजा तुम्ही गवत कापताय आणि विळ्याजवळ साप दिसला. क्षणात छाती धडधडते, हातपाय थरथरतात. ते काम ॲड्रेनालिनचं. त्याच्या मागोमाग, काही मिनिटांत, कॉर्टिसॉल वाढतं. ते रक्तात साखर सोडतं, म्हणजे पळायला किंवा काठी उचलायला ताकद मिळते. पळालात, साप गेला, तासाभरात सगळं खाली येतं. कॉर्टिसॉल काही विष नाही, हे नीट लक्षात घ्या. ते रोज सकाळी आपोआप वाढतं, त्यावर आपण अंथरुणातून उठतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही.

(इथे एक विषयांतर. मोबाईलवर हल्ली "कॉर्टिसॉल कमी करा" म्हणून पावडरी विकतात. घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर ती याच जातीतली असते. माझं भाषण ऐकून ती मनाने बंद करू नका, तसं करणं धोक्याचं आहे. उलट अंगदुखीसाठी कुणी न विचारता, न सांगता 'ताकदीचं' इंजेक्शन देत असेल, तर त्यात काय आहे ते विचारा.)

आता मॅक्यूअन यांनी काय पाहिलं ते सांगते. १९६८ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदरांच्या त्या ग्रंथी काढून टाकल्या, म्हणजे त्यांचा स्वतःचा रस बंद झाला. मग तोच रस, पण किरणोत्सर्गी खूण केलेला, बाहेरून टोचला आणि तो कुठे जाऊन बसतो ते पाहिलं. तो मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात सगळ्यात जास्त जाऊन बसला होता. या नावाचा अर्थ समुद्रघोडा, कारण त्याचा आकार तसा वाकडा असतो. कानाच्या साधारण वरच्या बाजूला, आत खोल, दोन्हीकडे एकेक असतो. आजची गोष्ट लक्षात ठेवायची, कुठे काय ठेवलं, कुणाला काय दिलं, हे नोंदवण्याचं काम प्रामुख्याने तो करतो. म्हणजे बघा, ताणाचा रस थेट मेंदूच्या सचिवाच्या टेबलावर जाऊन पोचतो! तोवर हा रस मेंदूच्या या भागावर काही करत असेल, असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

तो तिथे जाऊन करतो काय, याचं उत्तर यायला अजून वीसेक वर्षं लागली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांना रोज सहा तास, असे २१ दिवस, हलता येणार नाही अशा जाळीत ठेवलं. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त अडकवून ठेवलं. नंतर मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मेंदूच्या पेशीला झाडासारख्या फांद्या असतात, त्या फांद्यांनी ती दुसऱ्या पेशींचं बोलणं ऐकते. हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. पाणी तुटलं की कपाशीचं झाड जसं मरत नाही, पण फांद्या टाकत नाही, तसं. त्या उंदरांना चक्रव्यूहातला रस्ता लक्षात ठेवायलाही जड जात होतं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. कोंडणं थांबवल्यावर काही दिवसांत फांद्या पुन्हा वाढल्या. आठवणही सुधारली. पेशी मेल्या नव्हत्या. मॅक्यूअन यांचं म्हणणं असं होतं, की फांद्या आखडणं हे मोडणं नसावं, जास्त नुकसान होऊ नये म्हणून मेंदूने स्वतःला आवरून घेणं असावं. हे वाचलं तेव्हा मला ती सचिव ताई डोळ्यांसमोर आली. तिच्या डोक्यात नेमकं काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण "लक्षात कसं राहत नाही" हा माझा प्रश्न किती अडाणी होता, ते कळलं.

तुमच्यातली एखादी म्हणेल, हे उंदरांचं झालं, माणसाचं काय? रास्त प्रश्न आहे. त्याहून एक प्रश्न मी विचारते: उंदीर नर होते की मादी? हे बहुतेक प्रयोग नरांवर झाले होते. मॅक्यूअन यांच्याच गटाने नंतर माद्यांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा नरांमध्ये जिथे फांद्या ठळक आखडल्या होत्या, तिथे माद्यांमध्ये तसं दिसलं नाही. त्याआधी १९९० मध्ये त्यांनी आणखी एक पाहिलं होतं. उंदराच्या मादीचं पाळीचक्र चार-पाच दिवसांचं असतं, आणि तेवढ्या दिवसांत हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्यांवरचे बारीक काटे, जिथे एक पेशी दुसरीला जोडली जाते, ते कमी-जास्त होतात. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन थेट आठवणीच्या जागेवर काम करतं, हे तेव्हा अनेकांना पटायला जड गेलं होतं. तेव्हा उंदराचं उचलून जसंच्या तसं बाईला लावू नका. बाईचा अभ्यास वेगळा करावा लागतो, आणि तो उशिरा सुरू झाला.

माणसांचं थोडं सांगते. १९९८ साली सोनिया लुपियन या शास्त्रज्ञ बाईंनी, मॅक्यूअनही त्यात होते, म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वर्षं त्यांचं कॉर्टिसॉल मोजलं होतं. ज्यांचं वर्षानुवर्षं वाढत राहिलं आणि चढंच राहिलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सरासरी १४ टक्के लहान होता, आणि स्मरणाच्या परीक्षेत ते मागे पडले. माणसं थोडी होती, पण दिशा तीच दिसली.

आता बेंगळुरूला या. तिथे राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र आहे. तिथे सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विचार केला, की आठवणीच्या जागी फांद्या आखडतात, तर भीतीच्या जागी काय होतं? भीतीची जागा म्हणजे ॲमिग्डाला, बदामाएवढी आणि बदामाच्याच आकाराची. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की दहा दिवस रोज दोन तास उंदराला जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या आखडतात, पण ॲमिग्डालामध्ये त्या वाढतात. लक्षात ठेवणारा भाग बारीक, घाबरणारा भाग दाट. नंतर २१ दिवस विश्रांती दिली. आठवणीच्या जागेच्या फांद्या पूर्ववत झाल्या. भीतीच्या जागेच्या झाल्या नाहीत, उंदीर बुजरेच राहिले. चटर्जींनी पुढे मॅक्यूअन यांच्याबरोबरही काम केलं.

तुम्ही हे पाहिलंय. कर्ज फिटून वर्ष झालं तरी दारात मोटारसायकल थांबली की पोटात गोळा येणारी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. आपण तिला म्हणतो, "आता कशाला घाबरतेस, सगळं फिटलं ना." फिटलंय ते वहीत.

मॅक्यूअन यांनी १९९३ मध्ये एलियट स्टेलर या सहकाऱ्याबरोबर एक नवा शब्द रूढ केला, 'ॲलोस्टॅटिक लोड'. मराठीत मी त्याला 'झिजेचा बोजा' म्हणते. कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. रात्री लाईट आली की शेतातली मोटार चालू करतो. मोटार पाणी देते, ते तिचं कामच आहे. पण विहिरीतलं पाणी संपलं आणि बंद करायला कुणी गेलंच नाही, तर तीच मोटार जळते. शरीराचंही तसंच. ताणाची यंत्रणा चालू होणं वाईट नाही. ती दिवसातून दहादा चालू होणं, किंवा एकदा चालू झाल्यावर बंदच न होणं, यात झीज आहे. रक्तदाब, साखर, पोटावरची चरबी, झोप, आठवण, सगळीकडे ती थोडी थोडी चढत जाते, उसन्या पैशावरच्या व्याजासारखी. साप निघून जातो. हप्ता दर मंगळवारी येतो.

गरिबी आणि डोकं यांच्याबद्दल एक अभ्यास आपल्या देशातला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तमिळनाडूतल्या विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलई जिल्ह्यांतल्या ५४ गावांत ४६४ छोटे ऊस शेतकरी निवडले. त्याच शेतकऱ्याची परीक्षा ऊस तोडणीआधी, हात तंगीत असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा घेतली. आकृत्यांचं कोडं आणि आकड्यांचा एक पटकन उत्तर द्यायचा खेळ. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त हुशार निघाला! २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. अभ्यासकांनी ताणही मोजला होता, आणि त्यांचं मत असं, की हा फरक नुसत्या ताणाने पडत नाही. डोक्याचा बराच भाग पैशाच्या विचाराने आधीच अडवून ठेवलेला असतो, बाकी कामाला तो उरतच नाही. म्हणजे सगळं खापर कॉर्टिसॉलवर फोडता येत नाही. पण ज्या बाईला आपण "मंद आहे" म्हणून गटाच्या व्यवहारात मागे बसवतो, तिची परीक्षा आपण कुठल्या महिन्यात घेतली, हे विचारायला हरकत नाही.

उपाय काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे प्रशिक्षक येतात आणि सांगतात, पहाटे उठून योगा करा. पहाटे साडेचारला उठून पाणी भरणाऱ्या बाईला हे सांगायला धाडस लागतं. योगाला माझा विरोध नाही, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करा. चालण्याने फरक पडतो हेही खरं आहे. अमेरिकेत १२० म्हाताऱ्या माणसांचा एक अभ्यास झाला, त्यात एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायचं ठेवलं, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला. तुम्ही रोज याहून जास्त चालता. पण डोक्यावर हंडा आणि मनात घाई घेऊन चालणं त्यात मोजलेलं नव्हतं. मोकळ्या हाताने, शेजारणीबरोबर बोलत, अर्धा तास चालायला मिळालं तर बघा.

मला मॅक्यूअन यांची दुसरी एक गोष्ट जास्त कामाची वाटते. ते ताणाचे तीन प्रकार सांगायचे. एक चांगला ताण: पहिल्यांदा बँकेत सही करायला जाताना येतो तो, काम झालं की उलट बरं वाटतं. दुसरा सोसण्याजोगा: मोठं संकट, पण सोबत माणसं आहेत. तिसरा विषारी: तसंच संकट, पण माणूस एकटा, आणि काहीच आपल्या हातात नाही. म्हणजे संकट तेच असलं तरी भोवती कोण आहे, यावर ताण सोसण्याजोगा की विषारी हे बऱ्याच अंशी ठरतं. सरकारची धोरणं, कामाच्या जागेचे नियम यांनीही ताण कमी-जास्त होतो, हे ते आवर्जून लिहीत. सगळं त्या एकट्या माणसाच्या श्वासावर सोपवत नसत.

गटाच्या बाबतीत आपणच नियम करतो. तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. घरात दवाखाना, मरण किंवा मोठी अडचण असेल तर त्या काळात वही दुसरीने धरावी, आणि ते शिक्षा म्हणून नाही, रजा म्हणून. तसा ठराव इतिवृत्तात लिहावा, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही. सभेबाहेर पैसे द्यावेच लागले तर देणारीने आणि घेणारीने दोघींनी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पेटीत टाकावं. आठवणीवर सोडू नये, कुणाच्याच. उशिराचा दंड त्या महिन्यापुरता थांबवायचा की नाही, यावर माझ्या गावांमध्ये वाद झाला. एका गटाने साफ नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, आज हिला सोडलं तर उद्या सगळ्याच सोडा म्हणतील. मला ते चूक वाटलं, पण निर्णय गटाचा. दुसऱ्या गटाने दोन महिने दंड थांबवला आणि ती बाई तिसऱ्या महिन्यात सगळा हप्ता घेऊन आली. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हेही मी या वाचनातूनच शिकले.

आणि सभेच्या सुरुवातीला हिशोबाआधी दहा मिनिटं नुसतं बोलूया. आम्ही मागच्या चार महिन्यांपासून तीन गटांत करतोय. पहिल्या सभेत कुणीच बोललं नाही, सगळ्या पदराचं टोक बघत बसल्या. दुसऱ्या सभेत एक मावशी म्हणाली, "मला रात्री तीनला जाग येते आणि मग आढ्याकडं बघत पडते." त्यावर एकामागून एक पाच जणींनी "मला पण" म्हटलं. दहा मिनिटांचा एक तास झाला आणि बँकेचं काम राहिलं. माझ्या रिपोर्टमध्ये त्याला रकाना नाही.

जिची झोप आठवडेच्या आठवडे गेलीय, जेवण तुटलंय, किंवा मनात जीव द्यायचे विचार येतात, तिला मात्र गटाच्या बोलण्यावर ठेवू नका. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही लावता येतो, मराठीत बोलता येतं. नंबर प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे डॉक्टर भेटतात. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर मला फोन करा, मी सोबत येईन.

त्या सचिव ताईचा नवरा आता काठी घेऊन चालतो. खाजगी कंपनीचे अजून अकरा हप्ते राहिलेत. वही सध्या दुसऱ्या एका मुलीकडे आहे, तिचं अक्षर काही वाचता येत नाही. येत्या मंगळवारी त्या गटाची सभा आहे. मी ताईला निरोप पाठवलाय, की वही घेऊ नका, पण नवीन मुलीला नोंद कशी करायची ते शेजारी बसून दाखवा. अजून हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.